औषधांवरचा देशाचा खर्च आटोक्यात आणायचा तर दोरी कुणाच्या हातात आहे?

तलावपाळीकर (नौपाडा, ठाणे)

सप्रेम नमस्कार. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाने औषधांच्या वाढत्या खर्चाविषयी खासदारांना निवेदन द्यायचे ठरवले असून, बँकेत आयुष्यभर कर्जप्रस्तावांवर टिपणे लिहिली या एकमेव पात्रतेवर मसुद्याचे काम माझ्या गळ्यात पडले आहे. पहिल्या बैठकीत जो तो 'सरकारने किमती कमी कराव्यात' एवढेच म्हणत होता. मी माहिती काढू लागलो तेव्हा असे दिसले की किमतींवर नियंत्रण आपल्याकडे आधीपासूनच आहे. १९९७ पासून राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरण आहे, २०१३ चा औषध किंमत नियंत्रण आदेश आहे, २०२२ ची ३८४ औषधांची राष्ट्रीय अत्यावश्यक औषध सूची आहे, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. इतके सगळे असूनही संघातल्या मधुमेह आणि रक्तदाबाच्या सभासदांचे महिन्याचे बिल काही खाली येत नाही.

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांनी स्वतःच्या खिशातून केलेल्या खर्चाचा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. कागदावर ही सुधारणा मोठी आहे. पण आमच्या वयाच्या माणसाला रुग्णालयात भरती व्हावे लागते ते क्वचित आणि गोळ्या लागतात त्या रोज, त्यामुळे ती सुधारणा आमच्या घरापर्यंत पोचल्यासारखी वाटत नाही.

तेव्हा माझा प्रश्न असा, की एखाद्या देशाला औषधांवरचा एकूण खर्च आवरायचा असेल तर खरी दोरी कुणाच्या हातात असते? किंमत ठरवणाऱ्या प्राधिकरणाच्या, चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांच्या, की घाऊक खरेदी करणाऱ्या सरकारच्या? या क्षेत्रातल्या जाणकारांनी सविस्तर लिहावे. 'योग करा, गोळ्या सुटतील' हा सल्ला तलावाकाठी रोज सकाळी फुकट मिळतो, तो कृपया येथे नको.

सेक्टर सतरा (वाशी)

तलावपाळीकर काका, माझे औषधाचे दुकान आहे, म्हणून किंमत नियंत्रणाचे काउंटरवर काय होते तेवढे सांगतो.

सूचीतल्या औषधाची कमाल किंमत ठरवण्याची रीत अशी आहे की त्या औषधाच्या बाजारात ज्या ब्रँडचा किमान एक टक्का वाटा आहे, त्या सगळ्यांच्या किरकोळ विक्रेत्याला पडणाऱ्या किमतींची साधी सरासरी काढायची आणि तिच्यावर विक्रेत्याचा १६ टक्के नफा चढवायचा. समजा तीन ब्रँड दुकानदाराला ३०, २० आणि १० रुपयांना पडतात, तर सरासरी २० रुपये आणि कमाल किंमत २३ रुपये २० पैसे. तीसवाल्याला खाली यावे लागते, दहावाल्याने आहे तिथेच राहायचे असते, आणि गोळी बनवायला मुळात किती खर्च येतो हे कुणी विचारतच नाही. १९९५ च्या आदेशात ते विचारले जात असे. उत्पादनखर्चावर जास्तीत जास्त १०० टक्के वाढ धरून किंमत बांधली जाई, पण ते बंधन अवघ्या ७४ मूळ औषधांपुरते होते. २०१३ मध्ये यादी लांबली आणि हिशेब बाजारभावावर गेला.

सूचीबाहेरच्या औषधांना कमाल किंमत नाहीच. वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नका, एवढीच अट आहे. कंपनीने दरवर्षी पूर्ण दहा टक्के वाढवले तर सात-साडेसात वर्षांत किंमत दुप्पट होते, आणि नियम कुठेही मोडलेला नसतो.

आता तुमच्या मधुमेहाच्या सभासदांची चिठ्ठी घ्या. मेटफॉर्मिन सूचीत आहे, ग्लिमेपिराइड सूचीत आहे, पण माझ्याकडे येणाऱ्या चिठ्ठ्यांवर ही दोन औषधे सुटी क्वचितच असतात. दोन्ही एका गोळीत, पुष्कळदा तिसरेही त्यातच. अशा मिश्रणाची सुरुवातीची किंमत प्राधिकरणाकडून मंजूर होते, पण सुट्या औषधांची कमाल मर्यादा त्याला लागू होत नाही. सूची जागेवर राहते आणि चिठ्ठी तिच्या कडेने निघून जाते.

दुसरी गोष्ट ग्राहकाला सहसा दिसत नाही. एकाच औषधाच्या, एकाच ताकदीच्या दोन पट्ट्या माझ्या फळीवर शेजारी शेजारी असतात. पहिलीसाठी एमआर, म्हणजे कंपनीचा विक्री प्रतिनिधी, डॉक्टरांकडे जातो; तिची छापील किंमत शंभराच्या आसपास असते आणि मला ती सत्तर-पंचाहत्तरला पडते. दुसरी 'ट्रेड जेनेरिक', म्हणजे तेच रसायन, पण कंपनी थेट दुकानदारांमार्फत खपवते ती. तिच्यासाठी डॉक्टरांकडे कुणी जात नाही, तिची छापील किंमतही नव्वदच्या घरात असते, पण स्टॉकिस्ट, म्हणजे घाऊक विक्रेता, ती मला पंधरा-वीस रुपयांत देतो आणि वर दहावर एक फुकट अशी स्कीमही असते. मधले पैसे कुणाचे, हे दुकानदाराच्या मनावर आहे. काही जण निम्म्या किमतीत देतात, काही जण छापील किमतीवर दहा टक्के सूट देऊन आशीर्वादही घेतात. सूचीबाहेरच्या या नफ्यावर मर्यादा घातली तर तुमच्या सभासदाला पुढच्याच महिन्यात फरक दिसेल.

आणि ग्राहक म्हणतात की स्वस्तातले द्या, तर तेही मला परस्पर देता येत नाही. औषध नियमावलीतील नियम ६५(११अ) प्रमाणे शेड्यूल एचच्या, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या, औषधाच्या चिठ्ठीवर जे लिहिले आहे त्याऐवजी दुसरे, अगदी तेच रसायन असलेलेही, देण्याची मुभा औषधविक्रेत्याला नाही. प्रत्यक्षात काय चालते हे सर्वांना ठाऊक आहे, पण कायदा हा असा आहे.

रबाळेकर (घणसोली)

मी टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या एका औषध कारखान्यात गुणवत्ता विभागात काम करतो. सेक्टर सतरा यांनी नफ्याविषयी जे लिहिले त्यावर माझा आक्षेप नाही. मात्र 'उत्पादनखर्च कुणी विचारत नाही' यातून किंमत कितीही पाडता येते असा समज निवेदनात शिरू नये, म्हणून लिहितो.

ऑक्टोबर २०२४ मध्ये प्राधिकरणाला आठ औषधांच्या अकरा प्रकारांची कमाल किंमत ५० टक्क्यांनी वाढवावी लागली. त्यांत बेन्झिल पेनिसिलिन होते, क्षयरोगासाठीचे स्ट्रेप्टोमायसिन होते, दम्याचे साल्ब्युटामोल होते, मनोविकारांवरचे लिथियम होते. ही सगळी जुनी, पेटंट केव्हाच संपलेली औषधे आहेत. कच्चा माल आणि विनिमय दर महागल्यामुळे ती बनवणे परवडत नाही असे अर्ज कंपन्यांनी केले होते, आणि उत्पादन बंद झाले तर रुग्णाला याच औषधांऐवजी अधिक महाग पर्याय घ्यावे लागतील हे प्राधिकरणाला दिसत होते. संधिवाताच्या तापाने हृदयाच्या झडपा खराब होऊ नयेत म्हणून महिन्यातून एकदा द्यायचे पेनिसिलिनचे इंजेक्शन काही रुपयांचे असते. ते न मिळाल्याने पुढे झडप बदलायची वेळ आली तर खर्च लाखांत जातो. राष्ट्रीय खर्चाचा हिशेब करताना ही बाजूही मोजली पाहिजे.

कच्च्या मालाचे म्हणाल तर आपण आयात करतो त्यातला मोठा हिस्सा चीनमधून येतो. तिथे दर हलला की रबाळ्यात आमच्या खरेदी विभागाची झोप उडते, आणि सूचीतल्या औषधाची छापील किंमत मात्र घाऊक किंमत निर्देशांकाइतकीच हलू शकते. २०२३ मध्ये निर्देशांकाने १२.१२ टक्के वाढीला वाव दिला होता; २०२४ मध्ये ती वाढ ०.००५५१ टक्के होती, म्हणजे नाहीच.

गुणवत्तेबाबत एक गैरसमज दोन्ही बाजूंनी पसरवला जातो. ब्रँडचे औषध आणि ट्रेड जेनेरिक पुष्कळदा एकाच कारखान्यात, एकाच यंत्रावर बनते, हे मी रोज पाहतो. पण सगळीच जेनेरिक समान असतात असेही म्हणता येत नाही. ज्या औषधांची पाण्यातली विद्राव्यता कमी आहे त्यांच्यासाठी जैवसमतुल्यतेची, म्हणजे मूळ औषधाइतकेच ते रक्तात पोचते का याची, चाचणी परवान्यापूर्वी सक्तीची झाली ती २०१७ मध्ये. त्याआधी परवाने मिळालेली कितीतरी उत्पादने बाजारात आहेतच. निवेदनात 'स्वस्त औषध' असे लिहाल तिथे 'तपासलेले स्वस्त औषध' असे लिहा. तपासणीसाठी औषध निरीक्षक आणि प्रयोगशाळा लागतात आणि त्याचा खर्च सरकारी तिजोरीतून करावा लागतो.

ओपीडी नंबर सहा (ठाणे)

ठाण्यातल्या एका सरकारी रुग्णालयात मी फिजिशियन आहे. वरच्या दोन्ही प्रतिसादांत किमतीची चर्चा आहे. मला प्रमाणाविषयी आणि निवडीविषयी लिहायचे आहे, कारण देशाचा औषधखर्च हा किंमत, गोळ्यांची संख्या आणि कोणती गोळी निवडली या तिन्हींचा गुणाकार असतो, आणि आपली सारी यंत्रणा यातल्या पहिल्याच अंकाशी झटते.

औषधाच्या बाजाराची मुळातली अडचण अशी आहे की जो निवडतो तो पैसे देत नाही आणि जो पैसे देतो त्याला निवडता येत नाही. रुग्ण माझ्यासमोर बसलेला असताना पाच औषधे लिहायला जितका वेळ लागतो, त्याहून कितीतरी जास्त वेळ दोन औषधे पुरेत हे पटवायला लागतो. साध्या सर्दीला प्रतिजैविक दिले नाही तर 'बाईंनी काही दिलेच नाही' म्हणून तो बाहेर जाऊन ते घेतो. मिश्रणांचे तर विचारू नका. शासनाने २०१६ मध्ये ३४४ आणि ऑगस्ट २०२४ मध्ये आणखी १५६ मिश्रणांवर, त्यांना वैद्यकीय आधार नाही म्हणून, बंदी घातली. इतकी वर्षे ती विकली जात होती आणि कुणीतरी ती लिहीत होते.

'डॉक्टरांनी जेनेरिक नावाने, म्हणजे ब्रँडच्या नव्हे तर रसायनाच्या नावाने, लिहावे' ही मागणी तुमच्या संघात येणारच, म्हणून तिच्याविषयी सावध करते. भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ मध्ये तसा नियम केला होता. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये तो दंडासह कडक केला आणि त्याच महिन्यात स्थगित केला. सरकारी रुग्णालयात मी जेनेरिक नावच लिहिते, कारण खिडकीवर कोणती गोळी मिळणार हे खरेदी विभागाने ठरवलेले असते. बाहेरच्या दुकानासाठी मी नुसते रसायनाचे नाव लिहिले तर ब्रँड निवडण्याचा अधिकार माझ्याकडून दुकानदाराकडे जातो, आणि ज्या पट्टीत नफा जास्त ती पट्टी पुढे सरकते. सेक्टर सतरा यांनी वर जे वर्णन केले आहे तेच. रुग्णाचे बिल त्यातून कमी होईलच असे नाही.

खरी ताकद खरेदीदाराची असते. ब्रिटनमध्ये १९९९ पासून नाइस ही संस्था नव्या औषधातून आरोग्याचा जितका लाभ मिळतो त्याच्या तुलनेत त्याची किंमत परवडते का हे तपासते. चांगल्या आरोग्याच्या एका वर्षामागे २० ते ३० हजार पौंड हा तिचा अनेक वर्षांचा मापदंड होता. न्यूझीलंडमध्ये १९९३ पासून फार्मॅक ठरावीक रकमेत सगळ्या देशासाठी औषधे घेते आणि एकाच गटातल्या कंपन्यांना एकमेकींशी भिडवते. उलट अमेरिकेत २००३ च्या कायद्याने वृद्धांच्या मेडिकेअर योजनेला औषधकंपन्यांशी घासाघीस करायलाच मनाई केली होती. ती २०२२ मध्ये अंशतः उठली आणि पहिल्या दहा औषधांच्या ठरलेल्या किमती २०२६ पासून लागू झाल्या. इतका श्रीमंत देश, पण एवढा मोठा गिऱ्हाईक असून त्याने सौदा करायचाच नाही असे ठरवले होते. याचा परिणाम तिथल्या किमतींत दिसतो.

आपल्याकडे हे कुणाला जमलेच नाही असे नाही. तमिळनाडूने १९९४ मध्ये वैद्यकीय सेवा महामंडळ काढले. साऱ्या सरकारी रुग्णालयांची खरेदी एका जागी, मर्यादित यादी, फक्त जेनेरिक नावे, प्रत्येक बॅचची बाहेरच्या प्रयोगशाळेत तपासणी, आणि गोदामातला साठा संगणकावर. राजस्थानने २०११ मध्ये त्याच धर्तीवर मोफत औषध योजना सुरू केली. महाराष्ट्रात २०१७ पासून ही खरेदी हाफकिन या सरकारी महामंडळाकडे होती, २०२३ मध्ये त्यासाठी वेगळे वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण कायद्याने स्थापन झाले. यंत्रणेचे नाव बदलल्याने काम होत नसते. पुरवठादाराचे पैसे वेळेवर गेले नाहीत तर पुढच्या निविदेला चांगल्या कंपन्या येत नाहीत, आणि मग दुपारी बारा वाजता खिडकीवरून माझीच चिठ्ठी 'बाहेरून घ्या' असा शिक्का मारून परत येते. तो शिक्का बसला की ते औषध सरकारच्या खर्चातून निघून रुग्णाच्या खर्चात जाते. माझे मत विचाराल तर निवेदनातली पहिली मागणी ही असावी की रक्तदाब, मधुमेह आणि दम्याची ठरावीक पंधरा-वीस औषधे प्रत्येक सरकारी आणि महापालिकेच्या दवाखान्यात बारा महिने, एकावेळी महिनाभर पुरतील इतकी मिळावीत.

तलावपाळीकर (नौपाडा, ठाणे)

डॉक्टर, आपला परिच्छेद शब्दशः घेण्याची परवानगी असावी. एक शंका मात्र उरते. आमच्या संघातल्या दोघांच्या घरी कर्करोगाचे उपचार चालू आहेत. तिथे पंधरा-वीस औषधांची यादी आणि जेनेरिक पट्ट्या यांचा काही उपयोग नाही, कारण औषध एकच कंपनी बनवते आणि ती सांगेल तो भाव. अशा पेटंटच्या औषधांपुढे सरकारचे काही चालते का?

उत्सव चौक (खारघर)

याचे उत्तर मी देतो. कर्करोग रुग्णांना मदत करणाऱ्या एका गटात मी काम करतो.

चालते, पण हत्यार क्वचितच म्यानातून बाहेर येते. ९ मार्च २०१२ रोजी भारताच्या पेटंट नियंत्रकांनी बायर कंपनीच्या सोराफेनिब या कर्करोगाच्या औषधासाठी नॅटको या भारतीय कंपनीला सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटधारकाच्या संमतीशिवाय ते बनवण्याची मुभा, दिला. महिन्याचा उपचार सुमारे २ लाख ८० हजार रुपयांचा होता तो ८,८८० रुपयांवर आला, आणि बायरला स्वामित्वधन (रॉयल्टी) मिळत राहिले. त्यानंतर असा परवाना पुन्हा दिला गेलेला नाही. दुसरे हत्यार पेटंट कायद्यातले कलम ३(ड): जुन्याच रसायनाचे रूप थोडेसे बदलून, परिणामकारकता वाढल्याचे सिद्ध न करता, नवे पेटंट मागता येत नाही. याच कलमावर सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी नोव्हार्टिस कंपनीचा ग्लिव्हेक या कर्करोगाच्या औषधाबाबतचा दावा फेटाळला. पेटंट वेळेवर संपणे किती मोलाचे असते हे मधुमेहाच्या एम्पाग्लिफ्लोझिनमध्ये नुकतेच दिसले. मार्च २०२५ मध्ये मुदत संपताच साठ रुपयांच्या आसपासची गोळी कितीतरी ब्रँडांत दहा रुपयांच्या खाली आली. कुठल्याही किंमत आदेशाला एवढी घट साधलेली मला आठवत नाही.

पेटंट नसलेल्या कर्करोगाच्या औषधांत मात्र सेक्टर सतरा आणि डॉक्टर म्हणतात तेच खरे ठरते. फेब्रुवारी २०१९ मध्ये प्राधिकरणाने सूचीबाहेरच्या ४२ कर्करोगविरोधी औषधांवर व्यापारी नफ्याची ३० टक्क्यांची मर्यादा घातली, तेव्हा कित्येक ब्रँडांची छापील किंमत निम्म्याहून खाली आली. सेक्टर सतरा ज्याला मधले पैसे म्हणतात ते किती होते याचा अंदाज तिथे आला. त्याच्याही पुढचे पाऊल टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने चालणाऱ्या राष्ट्रीय कर्करोग ग्रिडने, म्हणजे कर्करोग रुग्णालयांच्या जाळ्याने, टाकले. वेगवेगळ्या रुग्णालयांची मागणी एकत्र करून ४० औषधांसाठी एकच वाटाघाट केली आणि आधीच्या दरांच्या तुलनेत ८० टक्क्यांहून अधिक बचत झाली. कारखाने, औषधे आणि कंपन्या त्याच होत्या, फक्त गिऱ्हाईक एकजूट झाले. तुमच्या दोन्ही सभासदांना सांगा, उपचार ग्रिडमधल्या रुग्णालयात चालू असतील तर औषध बाहेरून घेण्याआधी तिथल्या औषधालयातला दर जरूर विचारावा.

सेक्टर सतरा (वाशी)

डॉक्टरबाईंनी दुकानदार नफ्याकडे पाहून पट्टी काढतो असे लिहिले आहे, त्यावर दोन शब्द. सूचीतल्या औषधावर मला १६ टक्के मिळतात, बाहेरच्यावर रिवाजाने २० टक्के. दहा रुपयांची पट्टी विकली तर दोन रुपये, शंभराची विकली तर वीस. दुकानाचे भाडे, फार्मासिस्टचा पगार आणि फ्रीजचे वीजबिल दोन्हींना सारखेच. नफा टक्क्यांत बांधला की स्वस्त औषध विकणारा दुकानदार स्वतःच्याच पोटावर पाय देतो. ब्रिटनमध्ये औषधविक्रेत्याला चिठ्ठीवरच्या प्रत्येक औषधामागे ठरावीक सेवाशुल्क मिळते, तसे येथे झाले आणि सोबत नियम ६५(११अ) सैल करून तपासलेल्या जेनेरिकची अदलाबदल कायदेशीर केली, तर मी आनंदाने दहाची पट्टी पुढे करीन. जनऔषधी केंद्रे आता देशभर १५ हजारांवर गेली आहेत आणि दर खरोखरच कमी आहेत, पण डॉक्टरांनी लिहिलेले तिहेरी मिश्रण तिथे मिळाले नाही की माणूस पुन्हा माझ्याकडेच येतो.

काका, निवेदन जाईल तेव्हा जाईल, तोवर संघात एवढे करा. 'फार्मा सही दाम' हे प्राधिकरणाचे ॲप फोनवर घ्या आणि प्रत्येकाने आपापल्या चिठ्ठीतले औषध त्यात शोधावे. ते सूचीतले असेल तर कमाल किंमत दिसेल. पट्टीवरची छापील किंमत, कर वगळून, तिच्याहून जास्त आढळली तर पट्टीचा मागचा भाग, बॅच नंबर आणि बिल यांचे फोटो जोडून प्राधिकरणाकडे तक्रार करता येते, आणि कंपनीकडून जादा घेतलेली रक्कम व्याजासह वसूल होते. ती रक्कम सरकारजमा होते, ग्राहकाला परत मिळत नाही. पट्टी कापून घेत असाल तर किंमत छापलेला तुकडा मागून घ्या.